साहेब, प्रिंट काढू का?

"मॅडम, फाईल ई-ऑफिसला पाठवलीय. प्रिंटही काढून ठेवलीय टेबलावर."

"प्रिंट कशाला, भाऊसाहेब?"

"साहेबांना लागते."

कागदाशिवाय कारभार करायच्या सगळ्या घोषणा या एका उत्तरापाशी येऊन अडतात. बोलणारे दोघे एका तहसील कचेरीतले. भाऊसाहेब अव्वल कारकून आहेत. महसूल खात्यात तीसेक वर्षं काढलेली, निवृत्ती जवळ आलेली. मॅडम नायब तहसीलदार, लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आलेल्या, आणि कचेरीत ई-ऑफिस, म्हणजे फायली संगणकावरच चालवायची पद्धत, रुजवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलेलं. ही अमुक तालुक्यातली अमुक माणसं नव्हेत, लेखासाठी रचलेली पात्रं आहेत. पण ज्यांनी अशा कचेरीत नोकरी केली किंवा खेटे घातले, त्यांना दोघेही ओळखीचे वाटतील. त्यांच्या वादात येणाऱ्या घटना, कायदे आणि आकडे मात्र खरे आहेत.

मॅडमनी सुरुवात आगीपासून केली. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली, वरच्या मजल्यांवर पसरली, पाच जणांचा जीव गेला आणि कित्येक विभागांच्या फायलींची राख झाली. ई-ऑफिससाठी सरकारने खरा नेट लावला तो त्यानंतर.

"जी नस्ती नुसती कपाटात होती, ती गेली," मॅडम म्हणाल्या. "जी संगणकावर होती, ती राहिली. आता यात वाद घालण्यासारखं काय उरलंय?"

"उरलंय ना. जळालेल्या नस्त्या पुन्हा उभ्या केल्या त्या कशावरून? खालच्या कचेरीत स्थळप्रत सापडली म्हणून. कुणा अर्जदाराने शिक्का मारलेली पोच ट्रंकेत जपली होती म्हणून. कागदाचंच कागदाने निभावलं, मॅडम."

दोघांचंही खरं आहे, आणि दोघांच्या म्हणण्यातून निघणारा धडा एकच: दस्तऐवज एकाच जागी असेल तर तो धोक्यात असतो, मग ती जागा लोखंडी कपाट असो की एखादा सर्व्हर. पण भाऊसाहेबांना एवढ्यावर थांबायचं नव्हतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालात बांधलेले मोडी कागद अडीचशे वर्षांनंतरही उलगडतात, हे त्यांनी सांगितलं. "आणि आपल्याच कपाटात वीस वर्षांपूर्वीची सीडी आहे. ती घालायला अख्ख्या कचेरीत खाच असलेला संगणक नाही."

"ते मोडी कागद वाचणारे किती उरलेत, भाऊसाहेब?"

ते हसले. मुद्दा बिनतोड होता. पण सीडीचा मुद्दाही तितकाच खरा. जपानसारख्या प्रगत देशातही सरकारी अर्ज फ्लॉपीवर द्यायचे नियम अगदी परवापर्यंत शिल्लक होते. असे हजारावर नियम रद्द करून तिथल्या डिजिटल खात्याने फ्लॉपीला निरोप दिला तो २०२४ मध्ये. साठवणीचं माध्यम बदलत राहणार आणि दर वेळी जुनं नव्यावर उतरवून घ्यावं लागणार, हे ज्या कचेरीच्या अंदाजपत्रकात धरलेलं नाही, तिने कपाटं रिकामी करायची घाई करू नये.

वाद सात-बाऱ्यावर येणार हे ठरलेलंच होतं. महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सात-बारे आहेत आणि ते सगळे हस्तलिखितावरून संगणकावर चढवले गेले. आज शेतकरी १५ रुपये भरून घरबसल्या डिजिटल सहीचा उतारा काढतो. ही सोय १ मे २०१८ पासूनची. १५ ऑगस्ट २०२१ पासून तर पिकाची नोंदही शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर करायची ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. मॅडमच्या दृष्टीने हा निकालच होता: तलाठ्याच्या दारात बसून राहणं संपलं.

"उतारा निघतो, कबूल," भाऊसाहेब म्हणाले. "पण २०१७ चं चावडी वाचन आठवा. म्हणजे तुम्ही तेव्हा कॉलेजात असाल. गावोगाव सगळ्यांसमोर सात-बारा मोठ्याने वाचला. का? तर चढवताना कुणाचं क्षेत्र चुकलं, कुणाचं नाव गळालं, कुणाच्या आणेवारीत गोंधळ. मग एडिट, मग री-एडिट. दिवसा कचेरीचं काम आणि रात्री जागून दुरुस्ती, कारण दिवसा सर्व्हर हलत नव्हता. ते कुणी केलं? कागद वाचता येणाऱ्या माणसांनी."

इथे मॅडमना थांबावं लागलं. सात-बाऱ्याचं संगणकीकरण हे देशातल्या मोठ्या कामांपैकी एक, आणि त्याचं यश यंत्राइतकंच तलाठी, मंडळ अधिकारी आणि अव्वल कारकुनांच्या घामाचं आहे. जुना फेरफार वाचून त्यातली खोच ओळखणं हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलं जात नाही. हे काम करणाऱ्यालाच पुढे 'संगणकाला घाबरणारा' म्हटलं, की तो बिथरणारच. 'कर्मचारी बदलाला विरोध करतात' असं बैठकीत सहज बोललं जातं. त्यांनी आजवर किती बदल अंगावर झेलले, याची कुणी मोजदाद करत नाही.

टंकलेखनाचंच घ्या. लिपिकपदासाठी मराठी मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजी ४० शब्दांची अट. भाऊसाहेबांच्या पिढीने ती रेमिंग्टनच्या यंत्रावर पार केली. बोटांना कळा तोंडपाठ. मग संगणक आले. त्यावर कृतिदेव, श्रीलिपी असे फॉन्ट आले आणि एका कचेरीतला मजकूर दुसऱ्या कचेरीत उघडला की चौकोन आणि किडे-मुंग्या दिसू लागल्या. मग एमएस-सीआयटी सक्तीची झाली. मग युनिकोड आलं, त्याबरोबर इनस्क्रिप्टचा वेगळा कळफलक आला. पंचवीस वर्षं जिथे एक अक्षर असायचं तिथे आता दुसरंच.

"मी मिनिटाला चाळीस शब्द मारायचो, मॅडम. या इनस्क्रिप्टवर दहावर आलो. साहेब म्हणाले, भाऊसाहेब हळू झाले."

"मग सांगितलं का नाही कुणाला? युनिकोडमध्ये रेमिंग्टनचा कळफलकही मिळतो. पाच मिनिटांत बसवता येतो."

"मिळतो?"

मिळतो, आणि अनेक कचेऱ्यांत हे सांगणारा माणूसच नसतो. शिवाय मोबाइलवर किंवा संगणकावर बोलून मराठी मजकूर उतरवायची सोय आता बऱ्यापैकी चालते. मसुद्याचा पहिला खर्डा त्यावर काढून मग हाताने सुधारणं पन्नाशीच्या पुढच्या कर्मचाऱ्याला अवघड नाही. जी अडचण वरून 'मानसिकते'ची दिसते, ती खोदून पाहिली तर कित्येकदा कळफलकाची, चष्म्याच्या नंबराची किंवा पंधरा इंची पडद्याची निघते.

पडद्याचा मुद्दा तर थट्टेवारी नेण्यासारखा नाहीच. फेरफाराच्या अपिलाची फाईल दोन-दोनशे पानांची. कागदी नस्तीत डावीकडे टिप्पणी, उजवीकडे पत्रव्यवहार, पताका लावलेल्या, 'कृपया पृ. १२/प.वि. पहावे' असं लिहिलं की साहेब एक बोट टिप्पणीवर ठेवून दुसऱ्या हाताने बारावं पान काढतात. तेच छोट्या पडद्यावर करायचं तर दर वेळी एक खिडकी मिटवून दुसरी उघडायची. वाचनावरच्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या वाचकांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. माहितीपर मजकूर, त्यातही वेळेचं बंधन असेल तर, कागदावर अधिक चांगला समजतो असा त्याचा निष्कर्ष होता; पडद्याची सवय वाढलेल्या अलीकडच्या वर्षांतही हा फरक कमी झालेला नव्हता. तेव्हा दोनशे पानी निकालपत्राची प्रिंट मागणारा माणूस मागासलेला नसतो. पाच ओळींच्या परिपत्रकाची प्रिंट मागणारा असतो.

मॅडमनी यावर फारसा वाद घातला नाही. "दुसरा पडदा मागून घेते," एवढंच म्हणाल्या. असा जोडपडदा काही हजार रुपयांत येतो, आणि प्रशिक्षणाच्या चार दिवसांनी जे साधत नाही ते त्याने साधतं.

मग त्यांनी ठेवणीतला मुद्दा काढला. "खरं सांगू, भाऊसाहेब? कागदाचं प्रेम वगैरे नंतर. ई-ऑफिसमध्ये फाईल कुणाकडे किती दिवस पडली ते दिसतं. टिप्पणी एकदा पुढे गेली की पुसता येत नाही. मागची तारीख टाकता येत नाही. खरी अडचण ती आहे."

"काहींची आहे. नाही म्हणत नाही." भाऊसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "पण दिसतं ते फक्त माझ्याकडे पडलेली फाईल. वरून तोंडी आलं, 'जरा थांबवा', तर ते कुठे दिसतं? कागदावर मी कोपऱ्यात पेन्सिलीने 'चर्चा' असं लिहून ठेवायचो. आता नुसती माझ्या नावापुढे दिवसांची रांग लागते. आणि दुसरं. साहेबांच्या डिजिटल सहीची डोंगल कुठे असते हो?"

मॅडम गप्प.

"माझ्या ड्रॉवरमध्ये. पिनसकट."

हे फक्त एका कचेरीचं गुपित नव्हे, सरकारी-खासगी दोन्हीकडे सर्रास चालतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला आणि सहीला मान्यता दिली आणि त्याच कायद्याच्या ४२व्या कलमाने सहीची खाजगी किल्ली आपल्याच ताब्यात ठेवायची जबाबदारी सहीच्या मालकावर टाकली. साहेब दौऱ्यावर आहेत, काम अडायला नको, म्हणून डोंगल कारकुनाकडे देणं म्हणजे कोऱ्या कागदांच्या थप्पीवर सह्या करून ठेवण्यासारखं आहे. उद्या चौकशी लागली तर सही साहेबांची आणि हात कारकुनाचा. अशा व्यवस्थेवर विश्वास ठेवा असं त्याच कारकुनाला कोणत्या तोंडाने सांगणार? कर्मचाऱ्यांना जुळवून घ्यायला लावण्याआधी अधिकाऱ्यांनी आपापल्या डोंगल परत मागून घ्याव्यात.

नोकरीच्या भीतीबद्दल दोघांचं बोलणं थोडक्यात आटोपलं. भाऊसाहेबांचे मेहुणे बँकेत होते. बँकांत संगणक आणण्यासाठी १९८३ मध्ये संघटनांशी करार झाला, पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला, खातेवह्यांच्या जागी हळूहळू यंत्रं बसली. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांची स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि लाखभर कर्मचारी बाहेर पडले. मेहुणे त्यातलेच. "तेव्हा संघटना ओरडत होत्या ते अगदीच खोटं नव्हतं," भाऊसाहेब म्हणाले. मॅडमनी सांगितलं की महसुलात मुळात पदं रिकामी आहेत, इथे माणूस काढायचा प्रश्न नाही. भाऊसाहेबांना ते पटलं नाही. रिकामी पदं भरली न जाण्याचं कारणच उद्या संगणक सांगितलं जाईल, असं त्यांना वाटतं. या शंकेला कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेत उत्तर नाही. वरिष्ठांनी बदल आणताना पदांचं काय होणार हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोलावं. न बोलल्यास चहाच्या टपरीवर त्याचं उत्तर तयार होतंच.

एक गोष्ट मात्र मॅडमनी अचूक पकडली. "सेवार्थ कसं शिकलात, भाऊसाहेब?"

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगाराची देयकं सेवार्थ प्रणालीतून ऑनलाइन निघतात. ती आली तेव्हाही सर्व्हर रडायचा, माहिती चुकायची. तरी ती कर्मचाऱ्यांनी आत्मसात केली, आणि आज सेवार्थ बंद करून हाताने देयक लिहा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही.

"पगार अडला असता ना," भाऊसाहेब मिश्कीलपणे म्हणाले. "आणि दुसरा रस्ताच ठेवला नव्हता. कोषागार हाताने लिहिलेलं देयक घेतच नव्हतं."

ई-ऑफिस का अडखळतं याचं कारण याच उत्तरात आहे. सेवार्थमध्ये काम एकदाच होतं. ई-ऑफिसमध्ये अनेक ठिकाणी ते दोनदा होतं: आलेला कागद स्कॅन करायचा, चढवायचा, त्यावर टिप्पणी टाइप करायची, मग साहेबांसाठी तिची प्रिंट काढायची, प्रिंटवर पेनने शेरा घ्यायचा, आणि तो शेरा पुन्हा स्कॅन करून चढवायचा. याला कागदविरहित म्हणणं म्हणजे विनोद आहे. अ‍ॅबिगेल सेलन आणि रिचर्ड हार्पर या अभ्यासकांनी या शतकाच्या सुरुवातीला 'द मिथ ऑफ द पेपरलेस ऑफिस' या पुस्तकात नोंदवलं होतं की ई-मेल आल्यावर संस्थांमधला कागदाचा खप सरासरी ४० टक्क्यांनी वाढला. आपल्याकडच्या कचेऱ्यांत कुणी असं मोजलं तर प्रिंटरच्या शाईचं बिल बरंच काही बोलून जाईल.

"मग सुरुवात कुठून करायची?" मॅडमनी विचारलं, आणि या वेळी त्या खरोखर विचारत होत्या.

"रजेच्या अर्जापासून. दोन-चार पानांची फाईल, निर्णय सरळ आणि गरज अर्जदाराचीच. कागदी अर्ज घ्यायचाच नाही. ज्याला रजा हवी तो शिकेल. आणि शिकवायला पुण्या-मुंबईचा माणूस नको. आपला रोहयोचा पोरगा आहे ना संगणकावर बसणारा, त्याला रोज तासभर मोकळा ठेवा, तो प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन बसेल. सभागृहात शंभर माणसं कोंबून दिलेलं प्रशिक्षण बाहेर पडेपर्यंत विसरतं. मोबाइलवरचे ते कोर्स तर एकीकडे चालू ठेवून आम्ही दुसरीकडे काम करतो. प्रमाणपत्र मिळतं."

"आणि जुन्या फायली? सगळ्या स्कॅन करायला घेऊ?"

इथे भाऊसाहेब खुर्चीत सरसावून बसले. सरकारी अभिलेखांचे वर्ग त्यांना पाढ्यासारखे येतात: 'अ' कायमचे, 'ब' तीस वर्षांचे, 'क' पाच-दहा वर्षांचे, 'ड' वर्षभराचे. कचेरीतली सहा गठ्ठा पद्धतही त्यासाठीच आहे. प्रलंबित, प्रतीक्षेतली, नियतकालिक, स्थायी आदेशांची, अभिलेख कक्षात जायची आणि नष्ट करायची अशी कागदांची वाटणी तिच्यात ठरलेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीची अशी झाडाझडती घेतली की 'लखीना पॅटर्न' हा शब्दच प्रशासनात रूढ झाला. त्यांच्याकडे संगणक नव्हता. गठ्ठे वर्गवार लावलेले, नष्ट करायचं ते नष्ट केलेलं, आणि मागितलेला कागद चटकन हाती येणारा, अशी ती कचेरी होती.

"आधी लखीना, मग स्कॅनर," भाऊसाहेब म्हणाले. "नाहीतर 'ड' वर्गाचा कचरा पैसे मोजून सर्व्हरवर चढवाल आणि वर म्हणाल, शोध लागत नाही."

मॅडमनी वहीत लिहून घेतलं. कागदाच्या वहीत, हे भाऊसाहेबांनी पाहिलं पण बोलले नाहीत. फाईलला विषय कोणता द्यायचा, नाव कसं ठेवायचं, कोणत्या वर्गात टाकायची, हे ठरवायचं काम भाऊसाहेबांकडेच आलं. ते योग्यच झालं. ई-ऑफिसमध्ये फाईल हरवते ती चुकीच्या नावाखाली, आणि बरोबर नाव सुचायला ती प्रकरणं हाताळलेला माणूस लागतो. निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे असे लोक शिकाऊ म्हणून मागच्या बाकावर बसवले जातात, तेव्हा कचेरी आपला सगळ्यात जाणता माणूस वाया घालवत असते.

काही कागद राहणारच, हेही मॅडमनी मान्य केलं. मृत्युपत्र आजही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. ते इलेक्ट्रॉनिक करता येत नाही, त्यामुळे वारसाच्या नोंदीत मूळ कागद पाहावाच लागतो. आणि दूरच्या वाडीवरून आलेल्या म्हाताऱ्या बाईला मोबाइलवर आलेल्या क्रमांकापेक्षा शिक्क्याची पोच हवी असेल, तर ती द्यावी. त्या एका चिठोऱ्याने कुठलीही योजना बुडत नाही.

उरला साहेबांचा प्रश्न. त्याबद्दल कारकून बोलू शकत नाही आणि नायब तहसीलदारही जपूनच बोलणार, म्हणून इथे थेट लिहिलेलं बरं. जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, सचिव, बँकेचे व्यवस्थापक, कारखान्याचे कार्यकारी संचालक, जे कुणी वाचत असतील त्यांनी एवढं करावं: येत्या सोमवारी समोर रोजच्या फाईलची छापील टिप्पणी आली तर तिच्यावर शेरा मारू नये. ती परत पाठवावी आणि पडद्यावर सही करावी, स्वतःच्या हाताने. पुढच्या आठवड्यात खालून कुणी 'प्रिंट काढू का' असं विचारणार नाही.